काकडीचं औषध लावलेलं बी बंदरावर का अडलं: एक प्रकरण

वाशीत कार्यालय आणि तुर्भ्यात गोडाऊन असलेली भाजीपाला बियाण्यांची एक आयातदार फर्म. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली एक शेतकरी उत्पादक कंपनी. आणि न्हावा शेव्याजवळच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर ठेवण्याच्या गोदामात, सीलबंद पडून राहिलेलं २०० किलो संकरित काकडीचं बी. फर्म, माणसं आणि किलोचा आकडा नमुन्यादाखल घेतले आहेत. नियम मात्र खरे आहेत, आणि माल ज्या तऱ्हेनं अडला ती तऱ्हा या धंद्यातल्या माणसाला नवी नाही.

भाताची कापणी झाली की मुरबाडच्या बाजूला पाण्याची सोय असलेली शेतं भाजीखाली येतात. भेंडी, काकडी, कारली, दुधी. माल कल्याणच्या आणि वाशीच्या बाजारात जातो, भेंडी त्याही पलीकडे आखातात. या पट्ट्यात काकडीच्या टोकणीला वेळेचं बंधन असतं. भात निघाल्यावर जमिनीत ओल आहे तोवर बी पडलं तर फळ लवकर बाजारात येतं आणि पहिला भाव हाती लागतो. मागच्या हंगामात कंपनीच्या बऱ्याच सभासदांची रोपं उगवल्यावर आठवडाभरात कोलमडली होती. बुडाशी मऊ पडून आडवी होणारी, जमिनीतल्या बुरशीची ती नेहमीची तक्रार. म्हणून कंपनीच्या अध्यक्ष ताईंनी फर्मच्या मालकांना फोनवर स्पष्ट सांगितलं, "शेठ, यंदा बी औषध लावूनच द्या. मागच्या वेळची नासाडी परत नको."

शेठनी परदेशातल्या पुरवठादाराला तसा निरोप दिला. पुरवठादाराच्या इथल्या प्रतिनिधीनं उत्साहात भर घातली: बुरशीनाशक लावतोच आहोत, तर रसशोषक किडींसाठी कीटकनाशकही लावून घ्या, पैशात फारसा फरक नाही. शेठ "बरं" म्हणाले. पुढचं सगळं त्या "बरं"मधून निघालं.

परमिटात काय होतं

भारतात पेरणीचं बी बाहेरून आणायचं तर १९१४च्या विध्वंसक कीटक व पीडक अधिनियमाखाली निघालेला वनस्पती संगरोध आदेश, २००३ लागू होतो. धंद्यात त्याला नुसतं 'पीक्यू' (प्लांट क्वारंटाइन) म्हणतात. माल निघण्याआधी आयात परमिट घ्यावं लागतं, ते ज्याच्या नावावर निघालं त्याच्याखेरीज दुसऱ्याला वापरता येत नाही, आणि मालासोबत निर्यातदार देशाच्या सरकारी वनस्पती संरक्षण यंत्रणेचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे माल रोग-किडींच्या दृष्टीनं तपासल्याचा दाखला, यावं लागतं. कोणतं पीक, कोणत्या देशातून, कोणत्या अटींवर, हे आदेशाच्या अनुसूचींत दिलेलं आहे. अनुसूची चारमधलं बंदच. पाचमधलं ठरावीक संस्थांच्या शिफारशीनं. सहामधलं अटी आणि जादा निवेदनं पूर्ण केल्यावर, म्हणजे अमुक रोग-किडींपासून माल मुक्त असल्याचं प्रमाणपत्रावर लिहून आल्यावर. जे पीक-देश यादीतच नाही, त्यासाठी आधी कीड-जोखमीचं विश्लेषण. पेरणीचं बी कुठल्याही बंदरात उतरवता येत नाही, त्यासाठी ठरावीक ठिकाणंच नेमलेली आहेत.

गहू, भात, भरड धान्यं, कडधान्यं, तेलबिया यांचं बी आणायचं तर १९८८च्या नव्या बियाणे धोरणाप्रमाणे चाचण्यांची आणि समितीच्या शिफारशीची आणखी एक पायरी चढावी लागते. भाजीपाल्याला त्याच धोरणानं दार बरंच मोकळं केलं, म्हणून काकडीवाल्या फर्मला तो वळसा पडला नाही. शेठचं परमिट वेळेत निघालं होतं, पीक आणि देश बरोबर होते, जादा निवेदनंही पुरवठादाराला आधीच कळवली होती. कागद चोख आहेत याबद्दल त्यांची खात्री होती आणि एका ओळीपुरती सोडली तर ती खरीही होती.

फायटो प्रमाणपत्राच्या नमुन्यात प्रक्रियेचा वेगळा भाग असतो: तारीख, प्रक्रिया, रसायनाचा सक्रिय घटक, तीव्रता, कालावधी, तापमान. शेठच्या प्रमाणपत्रावर तिथे एकच नाव होतं, थायरम. बुरशीनाशक. पॅकेटांवर आणि इन्व्हॉइसवर मात्र दोन नावं होती, थायरम आणि इमिडाक्लोप्रिड. कीटकनाशकाचा लेप नंतर चढला होता. प्रमाणपत्रासाठी तपशील त्याआधीच गेले होते. तिकडे कारखान्यातल्या कुणाला हे दोन प्रसंग जोडून बघायची गरज वाटली नसावी.

तपासणीच्या वेळी पॅकेट फोडलं, गडद गुलाबी बी हातमोज्यावर घेतलं, आणि अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"औषध लावलंय म्हणजे उलट चांगलंच की"

शेठची पहिली प्रतिक्रिया अशी होती आणि ती बहुतेकांची असते. बुरशी-किडीची भीती म्हणून तर संगरोध; मग औषध चोळून आलेलं बी अधिक सुरक्षित नाही का? इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रकरणाची गाठ इथेच आहे.

थायरम बुरशी दाबतं, विषाणूला काही करत नाही. काकडीवर्गीय पिकांत बियाण्यातून पसरणारा, पानांवर हिरवट-पिवळे चट्टे आणणारा मोझॅकचा एक विषाणू आहे. तो बियाण्याच्या सालीवर टिकून राहतो आणि रोपं हाताळताना, छाटताना एकाचा दुसऱ्याला लागतो. त्याच्यासाठी कोरड्या उष्णतेची किंवा ट्रायसोडियम फॉस्फेटसारखी वेगळी प्रक्रिया लागते. गुलाबी रंग पाहून विषाणूचा प्रश्न मिटला असं समजणं म्हणजे ताप उतरला म्हणून हाड जुळलं असं मानणं.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची. बियाण्यावरची बुरशी तपासायची नेहमीची रीत म्हणजे ओल्या टिपकागदावर बी ठेवायचं, काही दिवस उबवायचं आणि काय वाढतं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. बियाण्यावर बुरशीनाशक असेल तर बुरशी जिवंत असूनही त्या कागदावर वाढत नाही, आणि चाचणी 'स्वच्छ' म्हणून जाते. बी धुऊन त्या पाण्यात बीजाणू शोधायची चाचणीही लेपामुळे बिघडते, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहायचं तर रंगाखाली डाग दिसत नाहीत. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखालचं बियाण्यांच्या ये-जा विषयीचं ३८ क्रमांकाचं मानक २०१७ साली स्वीकारलं गेलं. औषध लावलेल्या बियाण्यावर चाचणी करायची तर ती पद्धत तशा बियाण्यासाठी पडताळलेली हवी, ही काळजी त्यातही आहे. म्हणजे लेप बियाण्याचं रक्षण करतो आणि त्याच वेळी तपासणाऱ्यापासून काही गोष्टी झाकतो. त्यामुळेच बियाण्यावर नेमकं काय लावलं आहे हे तपासनिसाला अचूक कळणं महत्त्वाचं ठरतं. एक नाव गाळलं तर कारकुनी चूक एवढंच होत नाही. प्रयोगशाळेनं कशाच्या भरवशावर निकाल द्यायचा हाच प्रश्न उभा राहतो.

सुचवलेले मार्ग

माल सीएफएसमध्ये, भाडं चढतं आहे, मुरबाडहून रोज फोन. अशा वेळी सल्ले फुकट मिळतात. एका ओळखीच्या दलालानं सुचवलं, इन्व्हॉइसवरची ती ओळ काढून नवा इन्व्हॉइस मागवा, दोन कागद जुळले की झालं. त्याच्या लक्षात आलं नाही की प्रत्येक पॅकेटवर ते नाव छापलेलं आहे, आणि तपासणीची नोंद झालेली आहे. विसंगती चुकीतून आली असेल तर ती दुरुस्त करता येते. खाडाखोडीतून आली तर सीमाशुल्काच्या दृष्टीनं ते वेगळंच प्रकरण होतं. दुसऱ्या एकानं तर पेरणीऐवजी दुसऱ्या कामासाठी म्हणून माल सोडवून घेण्याची कल्पना मांडली. औषध चोळलेलं बी! यावर शेठच्या क्लिअरिंग एजंटनं, म्हणजे बंदरावरून माल सोडवून देणाऱ्या माणसानं, फक्त मान हलवली.

खरे मार्ग तीनच होते. माल परत पाठवणं. नष्ट करणं. किंवा निर्यातदार देशाच्या यंत्रणेकडून दुरुस्त केलेलं, दोन्ही रसायनं नोंदवलेलं बदली प्रमाणपत्र मागवणं आणि तोवर माल सीलखाली ठेवून नमुन्यांच्या चाचण्या होऊ देणं. तिसरा मार्ग धरला गेला. क्लिअरिंग एजंटनं शेठना एवढंच बजावलं, "पुरवठादाराच्या लेटरहेडवरचं पत्र चालणार नाही, त्यांच्या सरकारी खात्याचाच कागद लागेल." पुरवठादार आधी तेच पत्र पाठवून मोकळा झाला होता, त्यात काही दिवस गेले.

या मधल्या काळात आणखी एक प्रश्न निघाला आणि तो कुणीच विचारला नव्हता: बियाण्यावरची ही दोन्ही औषधं भारतात त्या वापरासाठी नोंदलेली आहेत का? कीटकनाशक अधिनियम, १९६८प्रमाणे देशात कीटकनाशक आणायचं किंवा बनवायचं तर फरीदाबादच्या नोंदणी समितीकडे त्याची नोंदणी लागते. बुरशीनाशकं आणि तणनाशकंही याच कायद्यात येतात. नोंदणी पीकनिहाय आणि वापरनिहाय असते, धंद्यात त्याला 'लेबल क्लेम' म्हणतात. भेंडीच्या किंवा कपाशीच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिड लावायला मान्यता आहे म्हणून ती काकडीच्या बियाण्याला आपोआप लागू होत नाही. बाहेरून लेप चढून आलेलं बी म्हणजे कीटकनाशकाची आयात का, यावर वाद घालता येईल. अधिनियमाच्या व्याख्येत अशी द्रव्यं असलेलं कोणतंही 'प्रिपरेशन'ही येतं, तेव्हा वादाची बाजू एकतर्फी नाही. माझं मत असं की हा वाद बंदरावर घालायचा नसतो. कॅनडात आणि अमेरिकेत औषध लावलेलं बी आणताना त्यावरचं औषध त्या देशात बीजप्रक्रियेसाठी नोंदलेलं असावं लागतं, आणि इथल्या आयातदारानंही स्वतःपुरता हाच नियम पाळावा. ऑर्डर देण्याआधी नोंदणी समितीची यादी उघडून आपलं पीक आणि औषध एका ओळीत सापडतं का ते बघायचं. नसेल तर ते औषध नको म्हणायचं.

उशीर झालेलं बी

अध्यक्ष ताईंचा धीर सुटत चालला होता. काही सभासदांनी वाट न पाहता मुरबाडच्या दुकानातून दुसरं बी आणून टोकलं होतं. त्या म्हणाल्या, "आता पॅकेटं आली तरी निम्मी उरतील. उरलेल्याचं करायचं काय?"

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जुना आणि गंभीर आहे. १९७१च्या शरदात इराकनं परदेशातून जवळपास ९५,००० टन गहू आणि बार्लीचं बी आणलं होतं, बुरशीपासून वाचावं म्हणून मिथाइल पाऱ्याचं संयुग चोळलेलं. रंग गुलाबी, गोण्यांवर धोक्याची सूचना, पण ती स्थानिक शेतकऱ्याला वाचता न येणाऱ्या भाषांत. बराचसा माल शेतकऱ्यांपर्यंत पोचला तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. घरात धान्य, शेतात आधीच पेर झालेली. लोकांनी ते दळून भाकरी केल्या. काहींनी आधी धुतलं. रंग गेला, विष गेलं नाही. ६,५३० लोक इस्पितळांत दाखल झाले आणि तिथे ४५९ जण दगावले.

थायरम म्हणजे मिथाइल पारा नव्हे, आणि काकडीच्या बियाण्याची भाकरी कुणी करत नाही. तरी साखळी तीच आहे: औषध लावलेलं बी उशिरा पोचलं की ते बी राहत नाही, नुसती उरलेली वस्तू होते, आणि उरलेल्या वस्तूला घरात काहीतरी काम शोधलं जातं. साध्या बियाण्याला दुसरे मार्ग असतात. लेप चढलेल्याला पेरणीशिवाय एकही नाही, ते कोंबड्यांपुढेसुद्धा टाकता येत नाही. म्हणून बंदरावरच्या विलंबाचा हिशेब भाड्यात आणि व्याजात मांडून पुरत नाही.

आपल्या बियाणे नियमांत यासाठीची तरतूद १९६८पासून आहे. बियाण्यावर प्रक्रिया झाली असेल तर लेबलवर तसं म्हणायचं, लावलेल्या द्रव्याचं प्रचलित नाव द्यायचं, आणि ते माणसाला किंवा जनावराला अपायकारक असेल तर खाण्यासाठी, पशुखाद्यासाठी वा तेलासाठी वापरू नये अशी सूचना छापायची. पारा आणि तशाच जहाल द्रव्यांसाठी 'विष' हा शब्द लाल अक्षरांत. बियाणे अधिनियम, १९६६च्या कलम १७प्रमाणे अधिसूचित वाणाचं आयात बीही उगवण आणि शुद्धतेच्या किमान मर्यादेत बसलं पाहिजे आणि त्यावर नियमाप्रमाणे खूण किंवा लेबल पाहिजे. पुढे विक्रीसाठी १९८३च्या बियाणे नियंत्रण आदेशाखालचा परवाना लागतो, आणि कृषी खात्याचे बियाणे निरीक्षक दुकानात येऊन हेच लेबल वाचतात.

शेठच्या पॅकेटांवर सूचना होती, पण इंग्रजीत आणि त्या देशाच्या लिपीत, पाठीमागे, अगदी बारीक. कायद्याच्या अक्षराला ती कदाचित पुरली असती. ताईंनी ती चालवून घेतली नाही. "आमच्यात पाकीट बघून ओळखणारे आहेत, वाचणारे कमी. समोर मोठं लिहा, कवटीचं चित्र टाका," त्या म्हणाल्या. तुर्भ्याच्या गोडाऊनमध्ये माल सुटल्यावर प्रत्येक पॅकेटवर मराठी स्टिकर चढवायचं ठरलं. पेरताना हातमोजे, मिसरी किंवा तंबाखू मळायच्या आधी हात धुणं, उरलेलं बी कंपनीकडे परत. शेवटची अट ताईंनी घातली आणि मला ती सगळ्यांत शहाणपणाची वाटते, कारण उरलेलं बी कुठे आहे हे कुणाला तरी माहीत असण्याची व्यवस्था कुठल्याच लेबलवर नसते.

मधमाश्यांचा मुद्दा ताईंच्या मुलानं काढला. तो कृषी पदविका करतो. उघड्या शेतातल्या या काकडीला फळ धरायला मधमाशी लागते, आणि इमिडाक्लोप्रिड हे निओनिकोटिनॉइड गटातलं, मधमाश्यांना घातक मानल्या जाणाऱ्या कीटकनाशकांतलं. युरोपीय संघानं २०१८मध्ये या गटातल्या तीन औषधांचा, इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथॉक्झाम यांचा, उघड्या शेतातला वापर बंद केला, त्यात लेप लावलेलं बीही आलं. मग काही देशांनी तातडीची सूट देऊन बियाण्याला परवानगी देणं चालू ठेवलं होतं. २०२३च्या जानेवारीत युरोपीय न्यायालयानं तेही बेकायदा ठरवलं. थायरमही तिथे २०१८ साली मंजुरीतून गेलं. भारतात दोन्ही औषधं वापरात आहेत, तेव्हा नियमाच्या अंगानं या मुलाचा मुद्दा बंदरावर लागू नव्हता. पण शेठना पहिल्यांदाच जाणवलं की "पैशात फारसा फरक नाही" म्हणून घेतलेलं दुसरं औषध त्यांच्या गिऱ्हाइकानं मागितलंच नव्हतं. ताईंनी रोप कोलमडण्यावर उपाय मागितला होता. तो एकट्या थायरमनं झाला असता.

कसं सुटलं

बदली प्रमाणपत्र आलं, दोन्ही रसायनं त्यात नोंदलेली होती. नमुन्यांत आक्षेपार्ह काही निघालं नाही आणि माल सुटला. मुरबाडला पॅकेटं पोचली तेव्हा टोकणीचा चांगला काळ जवळपास संपला होता. पाणी असलेल्या सभासदांनी उशिराची काकडी घेतली, बाकीच्यांची पॅकेटं परत आली. ती कंपनीच्या कुलूपबंद खोलीत, जमिनीपासून उंच, भात आणि चारा यांच्यापासून दूर ठेवली गेली. पुढच्या हंगामाआधी उगवणक्षमता तपासून जे पास होईल तेवढंच पेरायचं. नापास निघालेल्याची विल्हेवाट पुरवठादाराच्या सूचनेप्रमाणे आणि कृषी खात्याला विचारून लावायची. ओढ्याकाठी पुरून टाकायचं नाही, कारण कीटकनाशक नियम, १९७१मध्ये उरलेला माल आणि रिकामी वेष्टनं पाणी व परिसर न बिघडवता नष्ट करायला सांगितलं आहे.

भांडण राहिलं ते सीएफएसच्या भाड्याचं. पुरवठादार म्हणत होता औषध तुमच्या सांगण्यावरून वाढवलं. शेठ म्हणत होते तुमच्या प्रतिनिधीनं सुचवलं, आणि प्रमाणपत्रावर काय जातं ते बघणं तुमचं काम. दोघांकडे व्हॉट्सॲपचे मेसेज होते, करारात मात्र प्रक्रियेबद्दल एक अक्षर नव्हतं. शेवटी निम्मं-निम्मं झालं. ताईंनी त्यात पडायला नकार दिला, पण सभासदांच्या बुडालेल्या हंगामापोटी पुढच्या ऑर्डरवर सूट मात्र घेतली.

पुढच्या वर्षीची ऑर्डर दोन पानी निघाली. बी बिनऔषधाचं, रंगही नको. फायटो प्रमाणपत्राचा मसुदा माल निघण्याआधी ईमेलनं वाशीला यायचा आणि इथल्या क्लिअरिंग एजंटनं तो परमिटशी, इन्व्हॉइसशी आणि पॅकेटच्या छापील मजकुराशी ताडून हो म्हटल्यावरच कंटेनर भरायचा. बीजप्रक्रिया मुरबाडला, नोंदलेलं बुरशीनाशक वापरून, टोकणीच्या आदल्या दिवशी, लागेल तेवढ्याच बियाण्याला. ताईंच्या मुलानं जैविक बुरशीनाशकाचाही आग्रह धरला होता. त्यावर सभासदांचं एकमत झालं नाही, तेव्हा दोन वाफ्यांवर करून बघायचं ठरलं.